फक्त डावीकडे वळणारी गाडी

या गाडीचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, ही कुठंतरी ठोकून आलेली दिसते. फोटो समोरून काढलेला. चारही चाकं जागच्या जागी, पण इंजिन एका अंगाला सरकलेलं आणि ड्रायव्हरचं डोकं दुसऱ्या अंगाला. सगळा सांगाडाच कुणीतरी हाताने दाबून तिरका केल्यासारखा. गाडी मात्र धडधाकट होती. ती मुद्दाम तशीच बनवलेली होती आणि ज्या कामासाठी बनवली होती त्यात दहा-बारा वर्षं तिचा हात कुणाला धरता आला नाही. अमेरिकेत तिला ‘रोडस्टर’ म्हणतात. खरं तर रोडस्टर म्हणजे उघड्या टपाची साधी दोन माणसांची मोटार. पण या रेसिंग गाडीतला ड्रायव्हरही मधोमध न बसता एका बाजूला बसायचा, म्हणून ते नाव तिला चिकटलं.

गाडी वाकडी का, हे कळायला आधी रस्ता बघायला हवा.

इंडियानापोलिस शहराजवळ १९०९ साली रेसिंगसाठी एक ट्रॅक बांधला. एक फेरी अडीच मैलांची, म्हणजे चार किलोमीटरहून किंचित जास्त. आकार कोपरे गोल केलेल्या आयतासारखा: दोन लांब सरळ पट्ट्या, दोन छोट्या, आणि चार वळणं. प्रत्येक वळण पाव मैल लांब आणि आतल्या बाजूला साधारण ९ अंश कललेलं. पहिला पृष्ठभाग खडी-डांबराचा होता, तो उखडला, माणसं मेली, तेव्हा त्याच वर्षाअखेर ३२ लाख विटा अंथरल्या गेल्या. १९११ पासून तिथे ५०० मैलांची शर्यत भरते, मे महिन्याच्या शेवटी. ५०० मैल म्हणजे २०० फेऱ्या, म्हणजे ८०० वळणं. आणि गाड्या घड्याळाच्या उलट दिशेने पळतात, त्यामुळे ही ८०० च्या ८०० वळणं डावी. उजवीकडे वळायचं काम फक्त पिटमधून, म्हणजे शर्यतीत इंधन-टायरसाठी थांबायच्या जागेतून, गॅरेजकडे जाताना.

आपल्या गाडीला दोन्हीकडे वळावं लागतं, म्हणून ती दोन्ही बाजूंनी सारखी असते. ज्या गाडीला जन्मभर एकाच बाजूला वळायचंय, तिने सारखं असण्याचा हट्ट कशाला धरायचा? आज हा प्रश्न अगदी साधा वाटतो. तो गांभीर्याने विचारायला मात्र १९५० चं दशक उजाडावं लागलं.

त्याआधीच्या गाड्या उंच असत. इंजिन पुढे, चाकांच्या मधोमध. त्यातून निघालेला प्रोपेलर शाफ्ट सरळ मागच्या एक्सलला जायचा आणि ड्रायव्हरची सीट त्या शाफ्टच्या वर. घोड्यावर मांड टाकून बसावं तसा माणूस फिरत्या लोखंडी दांड्यावर बसायचा. या गाड्या बहुतेक वेळा जत्रेतल्या मातीच्या गोल ट्रॅकवर पळत. तिथे ही उंची चालायची, उलट बरी पडायची, कारण मातीत गाडी आडवी घसरवत वळवायची असते. इंडियानापोलिसला मात्र विटांवर हळूहळू डांबर चढत गेलं आणि पकड घट्ट झाली. आता उंची नडायला लागली.

का नडते? घाटात एसटी वळणावर येते तेव्हा उभी माणसं बाहेरच्या बाजूला कलंडतात. गाडीचं वजनही तसंच कलंडतं. डाव्या वळणावर डाव्या चाकांवरचा भार कमी होतो आणि उजव्यांवर वाढतो. गाडी जितकी उंच, तितकं हे जास्त. यात वाईट काय, एकूण वजन तर तेवढंच राहतं ना? वजन तेवढंच राहतं, पकड राहत नाही. टायरवर दुप्पट भार टाकला तर त्याची पकड वाढते, पण दुप्पट होत नाही. दोन हमालांना मिळून १०० किलो न्यायचे असतील तर ५०-५० घेऊन दोघे टुकटुक चालतील. एकाच्या पाठीवर ९० आणि दुसऱ्याच्या १० दिले, तर पहिला वाकेल आणि दुसरा हात हलवत चालेल. काम एकूण कमीच होणार. चाकांचं गणित हेच आहे. चारही चाकांवर वळणात भार जितका सारखा, तितकी गाडी वेगाने वळते.

मग उपाय दोन. एक, गाडी बुटकी करा. दोन, वजन आधीच डावीकडे सरकवून ठेवा, म्हणजे वळणात ते उजवीकडे ढकललं गेल्यावर दोन्ही बाजू जवळपास सारख्या होतील. उभी असताना वाकडी दिसणारी गाडी वळणात शिरली की सरळ होते, असं म्हटलं तरी चालेल.

हे दोन्ही उपाय एकाच दगडात साधले फ्रँक कर्टिस याने. कर्टिस क्रोएशियन वंशाचा, कारखाना लॉस एंजेलिसजवळ. मातीच्या ट्रॅकवरच्या गाड्या बनवण्यात त्याचा हात धरणारा नव्हता. १९५२ च्या शर्यतीसाठी त्याने इंजिन डावीकडे सरकवलं. त्याबरोबर शाफ्टही डावीकडे गेला. शाफ्ट सीटखालून निघून ड्रायव्हरच्या बाजूला आला, तशी सीट थेट तळाला टेकवता आली. माणूस शाफ्टवर बसण्याऐवजी शाफ्टशेजारी बसला. एवढाच काय तो बदल, पण पुढची बारा वर्षं या ‘शेजारी’ शब्दाभोवती फिरतात.

ती पहिली गाडी चालवायला मिळाली बिल वुकोविचला. अबोल, तुसडा म्हणावा इतका कमी बोलणारा, पण चाकामागे बसला की वेगळाच. १९५२ मध्ये २०० पैकी १५० फेऱ्या तो पुढे होता. आठ-नऊ फेऱ्या उरल्या असताना स्टेअरिंगच्या जोडणीतला एक छोटा भाग तुटला आणि गाडी भिंतीला घासत थांबली. शर्यत जिंकली ती ट्रॉय रटमनने, जुन्या पद्धतीच्या उंच गाडीत, वयाच्या २२ व्या वर्षी. त्याच्याहून लहान वयाचा विजेता आजवर झालेला नाही. त्याच शर्यतीत इटलीहून अल्बर्टो अस्कारी फेरारी घेऊन आला होता. ४० व्या फेरीला त्याचं तारांचं चाक मोडलं. युरोपातली नाजूक कारागिरी इथे चालत नाही, असं अमेरिकनांनी तेव्हा मनाशी पक्कं केलं. या गैरसमजाची किंमत त्यांना पुढे मोजावी लागली.

१९५३ ला वुकोविच त्याच गाडीत परतला. त्या दिवशी ऊन असं होतं की ड्रायव्हर भाजून निघाले. अनेकांनी मध्येच गाडी दुसऱ्याच्या हवाली केली. कार्ल स्कारबरो नावाचा ड्रायव्हर उष्माघाताने गेला. वुकोविच गाडी कुणाच्याही हवाली न करता शेवटपर्यंत बसला आणि २०० पैकी १९५ फेऱ्या पुढे राहून जिंकला. १९५४ लाही तोच. १९५५ मध्ये सलग तिसऱ्यांदा जिंकण्याच्या वाटेवर, पहिल्या क्रमांकावर असताना, समोर झालेल्या अपघातात सापडून तो गेला.

आता बोनेट उघडू. जवळजवळ प्रत्येक रोडस्टरमध्ये एकच इंजिन दिसतं: ऑफनहाउझर, लाडकं नाव ‘ऑफी’. हॅरी मिलर नावाच्या कल्पक पण व्यवहारात कच्च्या माणसाच्या कारखान्यात त्याचं मूळ. आराखडे लिओ गूसनचे, आणि मिलरचं दिवाळं वाजल्यावर ते पुढे चालवणारा त्याचाच मिस्त्री फ्रेड ऑफनहाउझर. चार सिलिंडर, वर दोन कॅमशाफ्ट, दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. ही मांडणी आज घरगुती गाड्यांमध्ये सर्रास असते, तेव्हा ती चैन होती. पन्नाशीच्या दशकात साधारण ४.२ लिटर आणि ४०० अश्वशक्तीच्या आसपास ताकद.

पण ऑफीची खरी गंमत तिच्या ओतकामात आहे. आपल्याकडे जुन्या गाडीचं इंजिन तापलं की ‘गॅस्केट उडालं’ हे वाक्य ठरलेलं. सिलिंडरचा ठोकळा खाली, त्यावर हेड, आणि मध्ये गॅस्केट. दाब वाढला की हाच सांधा पहिला दगा देतो. ऑफीत हेड आणि सिलिंडरचा ठोकळा एकाच तुकड्यात ओतलेले. सांधाच नाही, तर उडणार काय? त्यामुळे मिश्रण कितीही दाबा, इंजिन सहन करायचं. व्हॉल्व्ह बसवायचं काम मात्र मिस्त्रीला सिलिंडरच्या खालच्या तोंडातून हात घालून करावं लागायचं. घागर आतून घासण्यातलाच प्रकार.

इंधन मिथेनॉल. ते पेट्रोलच्या मानाने दुपटीच्या आसपास लागतं, पण इंजिनला आतून गार ठेवतं आणि प्रचंड दाबाखालीही वेळेआधी पेट घेत नाही. म्हणून या गाड्यांची शेपटी एवढी फुगलेली: ती सगळी टाकी. मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी डोळ्यांना दिसत नाही. माणूस पेटलेला असतो आणि बघणाऱ्याला वाटतं, हा नाचतोय का? पण ती पाण्याने विझते, पेट्रोलची विझत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९४७ ते १९६४, सलग १८ वर्षं इंडियानापोलिसला ऑफीच जिंकली.

इंजिनाहून मला जास्त आवडणारी युक्ती मागच्या चाकांत आहे. टपरीवरचा कागदी कप घ्या. चहा संपला की टेबलावर आडवा ठेवून हलकेच ढकला. तो सरळ जात नाही. रुंद तोंड जास्त अंतर कापतं, अरुंद बूड कमी, म्हणून कप बुडाच्या बाजूला गोल फिरतो. रोडस्टरचा मागचा एक्सल म्हणजे हा कप. उजवं टायर डाव्यापेक्षा किंचित मोठं. गाडी आपण होऊन डावीकडे वळायला बघते.

हे करावं लागायचं कारण असं. वळणात बाहेरचं चाक जास्त अंतर चालतं, आतलं कमी. साध्या गाडीत हा फरक डिफरेन्शियल सांभाळतो. पण डिफरेन्शियलची एक खोड ट्रकवाल्यांना ठाऊक असते: एक चाक चिखलात गेलं की तेच गरगर फिरतं आणि कोरड्यातलं ढिम्म उभं. वेगाने वळताना आतलं चाक हलकं होतं, तिथे हेच घडणार. म्हणून रेसिंगवाल्यांनी डिफरेन्शियल काढूनच टाकला आणि दोन्ही चाकं एका दांड्याला जखडली. आता दोघांचे फेरे सारखेच होणार. मग अंतरातला फरक भरून काढायला उरलं काय, तर टायरचा घेर. इंडियानापोलिसच्या वळणाची त्रिज्या सुमारे २५६ मीटर. दोन चाकांत सव्वा मीटर अंतर धरलं तर बाहेरच्या चाकाला अर्धा टक्का जास्त चालायचंय, म्हणजे दोन-सव्वादोन मीटर घेराच्या टायरमध्ये जेमतेम एक सेंटिमीटरचा फरक. क्षुल्लक वाटतो? प्रत्येक फेरीत गाडी पूर्ण एक गिरकी घेते, त्यात उजवं चाक डाव्यापेक्षा ८ मीटरच्या आसपास जास्त चालतं. २०० फेऱ्यांनंतर हिशेब केला तर उजव्या चाकाने डाव्यापेक्षा दीड किलोमीटरहून जास्त वाट तुडवलेली असते.

सरळ पट्टीवर अर्थातच याचा त्रास. तिथेही गाडी डावीकडेच ओढणार आणि ड्रायव्हरने स्टेअरिंग दाबून धरायचं. चालायचंच. वेळ वळणात कमावला जातो.

बाकीची रचना आश्चर्य वाटावं इतकी साधी. पोलादी नळ्या वेल्डिंग करून केलेली चासी. पुढे-मागे अखंड एक्सल, बैलगाडीच्या कण्याचे नातेवाईक. पाट्यांऐवजी टॉर्शन बार, म्हणजे एका टोकाला पक्की धरलेली लांब सळई, जी चाक उचललं की पिळवटते आणि परत उलगडते. ही सळई थोडी जास्त पिळून ठेवली की त्या कोपऱ्यावरचं वजन वाढतं. तेव्हा चारपैकी कुठल्या चाकावर किती भार ठेवायचा, हे पानाच फिरवून ठरवता यायचं. मुख्य मिस्त्रीचं कसब त्यात होतं आणि ते तो कुणाला सांगायचा नाही. गिअर दोनच. स्टार्टर गाडीत नाहीच: तो हातगाडीवर आणून नाकातल्या भोकात खुपसायचा आणि इंजिन फिरवायचं. शर्यतीत इंजिन बंद पडलं की बसा.

दोन गिअरांची पंचाईत १९५७ ला इटलीत सगळ्यांसमोर आली. मोंझाच्या उतरत्या कडांच्या ट्रॅकवर या अमेरिकन गाड्या गेल्या. सुटताना स्कॉटलंडच्या संघाच्या जग्वार गाड्या, जास्त गिअर असल्याने, सरळ पुढे पळाल्या. मग अमेरिकन गाड्या वेग घेत्या झाल्या आणि जग्वार मागे पडल्या त्या पडल्याच. जिमी ब्रायन जिंकला. शर्यत अर्थात डाव्या वळणांचीच ठेवली होती.

याच सुमारास अमेरिकेत एक मजेदार वाद पेटला: इंजिन उभं ठेवायचं की आडवं? जॉर्ज सॅलिह नावाच्या मिस्त्रीने घरच्या गॅरेजमध्ये एक गाडी बांधली, त्यात ऑफी उभ्यापासून ७२ अंश कलवलेली. जवळजवळ झोपवलेलीच. बोनेट इतकं खाली गेलं की गाडी चपातीसारखी दिसायला लागली. कुणी पैसे लावेना, तेव्हा त्याने पदरमोड केली. १९५७ ला सॅम हँक्स ती चालवून जिंकला आणि हार गळ्यात असतानाच त्याने निवृत्ती जाहीर केली. १९५८ ला तीच गाडी, ड्रायव्हर जिमी ब्रायन, पुन्हा पहिली. सगळे इंजिन झोपवायला धावले.

गाड्या बनवणारा ए. जे. वॉटसन मात्र धावला नाही. त्याचं म्हणणं, इंजिन उभंच राहू दे, पण सगळी गाडीच चाकांच्या मानाने डावीकडे सरकवा आणि अनावश्यक प्रत्येक औंस काढून टाका. त्याच्या गाड्या किंवा त्याच्या आराखड्यावरून केलेल्या नकला १९५९ ते १९६४ सलग सहा वर्षं जिंकल्या. नकलांना त्याची फारशी हरकत नसे, आराखडे तो देऊन टाकायचा. माझ्या मते रोडस्टर सर्वांत देखणी दिसली ती वॉटसनच्या हातून. लांब नाक, बारीक कंबर, कुठेही उगाच केलेली नक्षी नाही.

१९६१ ची शर्यत या सगळ्या यंत्रणेचं सार दाखवते. शेवटी ए. जे. फॉइट आणि एडी सॅक्स यांच्यात झुंज लागली. फॉइटच्या गाडीत आधीच्या थांब्याला इंधन नीट भरलंच गेलं नव्हतं, त्याला जादा वेळा पिटमध्ये यावं लागलं आणि सॅक्स पुढे गेला. तीन फेऱ्या बाकी. सॅक्सने मागे नजर टाकली तर उजव्या मागच्या टायरमधून आतला पांढरा धागा डोकावत होता. तेच चाक, ८०० वळणांचा सगळा भार अंगावर घेणारं. रेटायचं की थांबायचं? तो थांबला, टायर बदललं आणि ८.२८ सेकंदांनी हरला. मेलेल्या विजेत्यापेक्षा जिवंत उपविजेता बरा, असा तो हिशेब होता. तीन वर्षांनी काय होणार होतं ते तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

त्याच १९६१ च्या शर्यतीत एक चिमुकली हिरवी गाडी होती. जॅक ब्रॅबमची कूपर, इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे. ताकद कमी, सरळ पट्टीवर सगळे तिला मागे टाकायचे, वळणात ती सगळ्यांना गाठायची. नववी आली. गॅरेजमधल्या लोकांनी तिला हसून घेतलं. त्यातल्या शहाण्यांनी हसता हसता मापं टिपली असणार.

कारण रोडस्टरची सगळी हुशारी एका अडचणीभोवती रचलेली होती: इंजिन पुढे, चाकं फिरवायची मागची, मध्ये माणूस. मग शाफ्ट माणसाच्या बाजूने न्या, माणूस उजवीकडे बसवा, इंजिन डावीकडे घ्या. इंजिन मागे टाकलं की शाफ्टच गेला. माणूस मधोमध, जमिनीला टेकून, जवळजवळ पडून बसतो. गाडी बुटकी, अरुंद, हलकी. १९६३ ला इंग्लंडमधल्या लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने आपली लोटस आणली, ड्रायव्हर जिम क्लार्क. गंमत म्हणजे चॅपमनने रोडस्टरचा धडाही घेतला होता: लोटसचं धड चाकांच्या मध्यापासून थोडं डावीकडे सरकवलेलं होतं.

क्लार्क एकदाच पिटमध्ये आला. पुढे होता पार्नेली जोन्स, वॉटसन रोडस्टरमध्ये. याच जोन्सने आदल्या वर्षी पात्रता फेरीत पहिल्यांदा ताशी १५० मैलांचा, म्हणजे २४१ किलोमीटरचा टप्पा ओलांडला होता. शेवटाकडे जोन्सच्या गाडीतून तेल गळायला लागलं. नियमाने त्याला काळा झेंडा दाखवून बाहेर काढायला हवं होतं. गाडीचा मालक ट्रॅकच्या अधिकाऱ्याशी वाद घालत राहिला, चॅपमन आपली बाजू मांडत राहिला, तेवढ्यात गळती कमी झाली, झेंडा दाखवला गेला नाही आणि जोन्स जिंकला. दुसऱ्या दिवशी सॅक्सने जोन्सच्या तोंडावर म्हटलं की तुझ्या तेलावरून मी घसरलो. जोन्सने त्याला ठोसा लगावला.

१९६४ ला दुसऱ्याच फेरीत डेव्ह मॅकडॉनल्डची मागच्या इंजिनाची गाडी भिंतीवर आपटून पेटली. टाकीत पेट्रोल होतं. मागून आलेला एडी सॅक्स त्या आगीत शिरला. दोघेही गेले. शर्यत थांबवावी लागली. ती पुन्हा सुरू होऊन संपली तेव्हा फॉइट जिंकला, वॉटसन रोडस्टरमध्ये, पुढच्या इंजिनाने, मिथेनॉलवर. पुढच्या वर्षापासून पेट्रोल जवळजवळ हद्दपार झालं.

रोडस्टरचा तो शेवटचा विजय ठरला. १९६५ ला ३३ पैकी २७ गाड्यांचं इंजिन मागे होतं आणि क्लार्क लोटस घेऊन जिंकला. १९६६ ला पुढच्या इंजिनाची एकच गाडी उरली. दशकभराच्या वर्चस्वाला जायला दोन वर्षंही लागली नाहीत.

जिम हर्टुबीस मात्र ऐकेना. १९६४ मध्ये दुसऱ्या एका शर्यतीत तो भयंकर भाजला होता. बोटं कायमची वाकडी होणारच, तर ती स्टेअरिंग धरता येईल अशा आकारात वाकवा, असं त्याने डॉक्टरांना सांगितल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. पुढच्या इंजिनाची गाडी अजून चालू शकते, या हट्टाने त्याने स्वतः एक बांधली, नाव ‘मॅलार्ड’, आणि १९६८ ला ती शर्यतीत उतरवली. तशी गाडी तिथे पुन्हा पात्र ठरली नाही. तरी तो वर्षानुवर्षं ती घेऊन यायचा. १९७२ ला पात्रता फेरीच्या शेवटच्या दिवशी त्याने मॅलार्ड रांगेत लावली. संध्याकाळी सहाची बंदूक वाजली, वेळ संपली, त्याचा नंबर आलाच नाही. मग त्याने बोनेट उचललं. आत इंजिन नव्हतं. बर्फात ठेवलेले बिअरचे डबे होते, आणि ते त्याने आजूबाजूच्या मेकॅनिकांना आणि अधिकाऱ्यांना वाटून टाकले.